मंजुषाच्या गाडीतला चेकर

सगळ्या जगाच्या गाड्या देवमन इंगोलेला मोकळ्या होत्या, फक्त एक सोडून. आणि ती एक त्याच्या पोटच्या पोरीची होती.

बापालाच पोरीच्या गाडीत बंदी का, असं इंझोरीत कोणाला विचारा. तो आधी पोटभर हसून घेईल आणि मग सांगेल. देवमननं उभी हयात एसटीच्या लाल गाडीत कंडक्टरकी केली. खाकी उतरवून तो घरी बसला आणि थोड्याच दिवसांत त्याची मंजुषा त्याच रस्त्यावर, तशीच खाकी घालून, गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून उभी राहिली. बापाची छाती फुगली. इथवर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात हा गडी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, 'नुसतं पाह्याले' म्हणून तिच्या गाडीत चढला. नुसतं पाहणं याच्या बापजन्मात याला जमलेलं नव्हतं. गाव ओलांडायच्या आत यानं अर्धी गाडी पुढे सरकवली. पॅसिंजरांना त्याच्या हाताची एवढी सवय, की पैसे मंजुषाच्या डोक्यावरून थेट त्याच्याकडे जायला लागले, आणि यानं ते घेतले! वरून पोरीला हुकूम: "मंजू, दोन कारंजा दे, एक हाफ." ती बिचारी शेवटच्या शिटावर तिकीट देतच होती, तर यानं दोरी ओढून टिण टिण केलंसुद्धा. पुढे ड्रायव्हर गुलाबसिंग, देवमनचा जुना जोडीदार, तो आरशात पाहून खो खो हसला. मंजुषाचे डोळे भरून आले, पण ती कारंज्यापर्यंत काही बोलली नाही.

संध्याकाळी बोलली. "घरी तुमी बाप हा. गाडीत मी कंडक्टर हाव. गाडीत मले बाप नाई पाह्यजे. आजपासून माह्या गाडीत पाय ठेवाचा नाई."

देवमननं बायकोकडे पाहिलं. अंजना अंगणवाडीत सेविका. पन्नास पोरं एका नजरेत गप्प बसवणारी बाई. ती म्हणाली, "बराबर बोलून राह्यली पोट्टी," आणि त्याच्या ताटात भाकर टाकली. विषय संपला.

देवमनच्या मनातून मात्र संपला नाही. तो रोज सकाळी स्टॉपवरच्या निंबाखाली जाऊन उभा राहायचा. मंजुषाची गाडी यायची, ती खाली उतरायची, बायाबुढ्यांना चढवायची आणि बापाकडे अशी पाहायची जशी निंबाच्या खोडाकडे पाहते. गाडी निघून गेली की हा आपला परत. हौस म्हणा, हट्ट म्हणा, त्याला एकच पाहिजे होतं. पोरीच्या गाडीत बसायचं आणि ती कंडक्टरकी कशी करते ते कारंज्यापर्यंत डोळे भरून पाहायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी त्याचा जीव तळमळत होता.

गाडी नाही तर नाही, म्हणून तो घरी पोरीचा पिच्छा पुरवायला लागला. ती दमून आली की याची उलटतपासणी सुरू. आज गर्दी कशी होती, फाट्यावर कोण चढलं, सुट्ट्यावरून कोण भांडलं, तू काय म्हटलं, असं कायले म्हटलं. शेवटी मंजुषा आईला म्हणाली, "आई, याइले बोलाले कोनीतरी आनून द्या व. नाई तं मी बदली मांगतो."

अंजनाच्या डोक्यात पोपट आला. देवमनला कल्पना पटली, कारण पोपट उठून जात नाही. त्यानं लगेच ओळखीतून एक हिरवा राघू ठरवलासुद्धा. मंजुषा कडाडली. "हिरवा पोपट पाळनं गुन्हा हाय, बाबा. कायदा हाय. जंगलवाले आले तं पिंजऱ्यात तुमी बसान." मग शोधाशोध झाली आणि असं कळलं, की अमरावतीला साधनाताई म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या घरी आफ्रिकन ग्रे पोपटांची पिल्लं असतात, सगळी कागदपत्रं नोंदवून, कायदेशीर. देवमन अंजनाला घेऊन गेला, अर्थातच दुसऱ्या गाडीनं.

देवमनला वाटलं होतं, आपण पोपट पाहायला चाललो. तिथं उलटंच झालं. साधनाताईंनी आधी यालाच पारखून घेतलं. घरी दिवसभर कोण असतं? बिडी ओढता का? आणि मग त्या म्हणाल्या, "काका, हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगतो. तुमच्या मागे याला कोण बघणार?"

"म्हंजे मी मेलो का माह्या पुण्यानुमोदनाले हा हजर राहीन!" देवमन म्हणाला.

"अन तुमी जे काई लोकाइले बोलले, ते समदं तिथं म्हनून बी दाखवन," अंजना म्हणाली.

तीन पिल्लं पुढे ठेवली. राखाडी अंग आणि मागे लालभडक शेपटी. एक झोपलेलं, एक कोपऱ्यात तोंड घालून बसलेलं. साधनाताई सांगत होत्या, डोळे स्वच्छ बघा, नाकपुड्या कोरड्या बघा, पिसं अंगाला चापून बसलेली बघा, आणि जो आपणहून तुमच्याकडे येईल तो घ्या. तेवढ्यात तिसरं पिल्लू तुरुतुरु आलं, देवमनच्या शर्टावर चढलं आणि खिशातलं पेन उपसून खाली टाकून दिलं. देवमन खूश. म्हणाला, "हाच. यानं माहा खिसा तपासला. अंगात राखाडी सफारी हाय, हा तं लाइनीवरचा चेकर हाय!" झालं, पोपटाचं नाव चेकर पडलं. ज्या चेकरला देवमन उभ्या नोकरीत घाबरला, त्याला तो पिंजऱ्यात घालून, मांडीवर घेऊन, इंझोरीला आला.

आणि मग घराचं जे काही झालं, ते अंजनाच्या तोंडून ऐकावं. मोठा पिंजरा आला तो थेट ओसरीवर, तिची पापड वाळवायची जागा खाऊन. तिचा नवाकोरा नॉनस्टिक तवा गोठ्यात गेला, कारण तो तापला की त्याच्या वाफेनं असला पक्षी जागच्या जागी मरतो म्हणे. "पोपटासाठी तवा गोठ्यात? म्हस डोसे करन का?" अंजना ओरडली, पण तवा गेला तो गेलाच. चेकरला सकाळी भिजवलेली मटकी, गाजराचा कीस, शेवग्याची पानं, डाळिंबाचे दाणे. चहा नाही, मीठ नाही, चॉकलेट नाही, आणि अव्होकॅडो तर मुळीच नाही. अव्होकॅडो म्हणजे काय हे इंझोरीत कोणी पाहिलेलं नाही, तरी देवमननं घरोघरी जाऊन तंबी दिली, की माझ्या चेकरला कोणी अव्होकॅडो देऊ नका. त्याला फवाऱ्यानं आंघोळ घालायची असं ऐकून देवमन कपाशीवरचा फवारणीचा पंप पाठीला लावून आला. अंजना मध्ये आडवी पडली म्हणून चेकर वाचला. मग न्हाव्याकडून एक नवी पिचकारीची बाटली आणली. लाकूड कुरतडायला लागतं म्हणून निंबाच्या फांद्या दिल्या; त्यानं त्या बाजूला सारून टीव्हीचा रिमोट कुरतडला. पिसांची पांढरी भुकटी साऱ्या घरावर. आणि दिवस मावळला की पिंजऱ्यावर अंजनाचं जुनं लुगडं टाकायचं, कारण सायबाला बारा तास झोप लागते.

बोलणं मात्र शून्य. देवमन रोज पुढ्यात बसून 'जय भीम' शिकवायचा. चेकर मान वाकडी करून त्याच्याकडे असा पाहायचा, जसं काही देवमनकडे तिकीटच नाही. शिकवून शिकवून कंटाळला की देवमन डोळे मिटून, खुर्चीला रेलून, आपली जुनी ड्युटी सुरू करायचा. "पुढे सरका, पुढे सरका, अंदर मयदान पडलं हाय!" तासतासभर. पोपट शांतपणे ऐकत राहायचा.

घरात एक घंटीही होती. कारंज्याच्या एका भंगारवाल्याकडून देवमननं जुन्या गाडीची घंटी आणून स्वयंपाकघरात टांगली होती आणि तिची दोरी ओसरीपर्यंत ओढून घेतली होती. अंजनानं एक टोला दिला की यानं जेवायला यायचं. दोन टोले दिले की यानं स्वयंपाकघरातून निघायचं. दोन टोले फार वेळा वाजायचे.

मग चारेक महिन्यांनी अंजनाच्या लक्षात आलं, की हा पोपट मुका नाही, लबाड आहे. कोणी पाहत असलं की ढिम्म. अंगावर लुगडं पडलं, की अंधारात याची दुकानदारी सुरू. कुकरची शिट्टी काय, तिच्या फोनची रिंग काय, आणि घंटी तर हुबेहूब. "तुमी आंघोयीले गेले का तो बोलते," ती देवमनला सांगायची. "तुमच्याच आवाजात बोलते." देवमनचा विश्वास बसेना. त्यानं लुगडं वर करून पाहिलं, की चेकर पायाची नखं साफ करत बसलेला.

अशात एक दिवस चेकरच्या छातीवर टिचभर जागा उघडी दिसली. दुसऱ्या दिवशी तळहाताएवढी. तो स्वतःची पिसं स्वतःच उपटत होता. देवमन घाबरला. साधनाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, दर बुधवारी कारंज्यात पक्ष्यांच्या डॉक्टरीण येतात, दुपारच्या आत पोचा, उशीर करू नका. काळीपिवळी जीपमध्ये घालून न्यावं तर तिथं बिडीचा धूर, आणि धूर याला विषासारखा. दुपारच्या आत कारंज्याला पोचवणारी गाडी एकच होती. कोणती ते सांगायला नको.

पोपट आजारी आहे याचं देवमनला दुःख होतं, खोटं कशाला बोला. पण आत कुठंतरी एक उकळीही फुटली होती, हेही खरं.

रात्रीच्या जेवणाला अंजनानं मध्यस्थी केली. मंजुषानं घास चावून चावून विचार केला आणि अटी घातल्या. "चेकरसाठी येऊन राह्यले म्हून हो म्हनतो. मागच्या शिटावर बसाचं. तोंडातून एक शबुद काढाचा नाई. दोरीले हात लावाचा नाई. काई बी झालं तरी. एक बी गोष्ट मोडली, तं पुन्ना कधीच नाई."

"नाई काढत," देवमन म्हणाला. "हात मांडीखाली दाबून बसतो. तुह्या आईची शपथ."

"माही कायले? सोताची घ्या," अंजना म्हणाली.

बुधवारी देवमन पिंजरा घेऊन निंबाखाली उभा राहिला. पिंजऱ्यावर लुगडं, वाऱ्यानं पोपट बावरू नये म्हणून. गाडी आली. मंजुषानं बापाला तिकीट दिलं. नियम असो-नसो, पिंजऱ्याचंही लगेज फाडलं, आणि मागच्या शिटाकडे बोट दाखवलं. देवमन मुकाट बसला. दोरी नेमकी त्याच्या नाकासमोरून गेलेली. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली सारले.

गाडी निघाली आणि देवमन पाहायला लागला. पोरगी ओरडत नव्हती हो! "मावशी, जराशा आंग चोरा," म्हणत ती गर्दीतून अशी सरकायची, की लोक आपोआप जागा करायचे. एका बुढ्याकडे सुट्टे नव्हते. देवमन असता तर त्या बुढ्याचा साऱ्या गाडीसमोर उद्धार झाला असता. ती नुसती म्हणाली, "राहू द्या बाबाजी, उतरताना पाहू." देवमनला मनात दहा चुका दिसत होत्या. पण त्याच वेळी ही माझी पोरगी आहे, असं साऱ्या गाडीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. त्यानं ओठ घट्ट दाबले.

पुढच्या गावाला गर्दी चढली. दारात लोक खोळंबले. मंजुषा म्हणाली, "जरा पुढं व्हा ना." कोणी हललं नाही.

आणि मागून, देवमनच्या खणखणीत आवाजात, आरोळी आली. "पुढे सरका, पुढे सरका! अंदर मयदान पडलं हाय!"

लोक वर्षानुवर्षांच्या सवयीनं सटासट पुढे सरकले. मंजुषानं वळून बापाकडे पाहिलं. त्या नजरेनं दूध नासलं असतं. देवमननं जोरजोरात मान हलवली. हात मांडीखाली, तोंडाला कुलूप. त्यानं हनुवटीनं पिंजऱ्याकडे खूण केली. मंजुषाला वाटलं, बाप पोपटावर ढकलून राह्यला.

"ओ बुढे! पिशवी मांडीवर घे! गाडी का तुह्या बापाची हाय?" पुन्हा आवाज आला.

शेजारच्या म्हातारीनं देवमनकडे डोळे वटारले. "तोंड पाह्य कसं चालते मेल्याचं! पहिलेपासून असाच हाय हा."

देवमन चपापला. पोपट बोलतो हे आता कळलंच, पण जे कळलं ते भलतंच होतं. आपण असे बोलत होतो? या म्हातारीला? आपल्याला तर वाटायचं, आपण गाडीत गंमतीजमती करतो, लोकांना आवडतं. त्याचे कान गरम झाले. त्यानं दातांत लुगड्याचा काठ धरून वर केला. चेकर दांडीवर बसून, एक पाय वर घेऊन, अत्यंत सभ्यपणे इकडेतिकडे पाहत होता. काठ सुटला की आतून पुन्हा: "सुट्टे नाई तं उतर खाली!"

"बाबा," मंजुषा लांबूनच म्हणाली, "घरी बोलू आपुन." तिचा आवाज थंडगार होता. देवमननं ओळखलं, की आता सारं संपलं. पोपट याचा, आवाज याचा, आणि कायमची बंदीही याचीच.

तांड्याचा फाटा आला. तिथं रुपाबाई उभी, सोबत सीताफळांची भली मोठी पाटी. तिला मोटारसायकलवरून सोडायला आलेला नवरा फुलसिंग पलीकडच्या टपरीत पान लावून घेत होता. रुपाबाईचे गुडघे दुखरे. मंजुषा खाली उतरली, तिला मागून आधार देऊन चढवलं, आणि पाटी घ्यायला परत वळली.

टिण टिण.

साफ, खणखणीत, डबल. गुलाबसिंगचं म्हणणं असं, की घंटी म्हणजे घंटी. मागे वळून पाहील तो ड्रायव्हर कसला. त्यानं गिअर टाकला आणि गाडी निघाली. मंजुषा रस्त्यावर, दोन्ही हातांत पाटी.

"अवं माह्ये सीताफय!" रुपाबाई किंचाळली.

"कंडक्टरीन राह्यली! थांबवा!" सारी गाडी ओरडायला लागली. पण त्या गाडीच्या पत्र्यांचा खडखडाट एवढा, की पुढे गुलाबसिंगला आरड्याओरड्यातलं काही कळेना; त्याच्या कानाला त्यातून फक्त घंटी टिपायची सवय. तो आपला मजेत. दोरी देवमनच्या नाकासमोर हलत होती. थांबवायला फक्त एक टोला. हात काढायचा आणि ओढायची. त्याच्या बोटांना मांडीखाली मुंग्या आल्या. काई बी झालं तरी, असं ती म्हणाली होती. एक बी गोष्ट मोडली तं पुन्ना कधीच नाई. देवमनला घाम फुटला. त्यानं काचेतून मागे पाहिलं. खाकीतली पोरगी लहान लहान होत चालली होती. ती पळत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती उभी होती.

"ओढा ना दादा! तुमच्या तं तोंडासमोर हाय!" लोक म्हणाले.

देवमननं मान हलवली. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, तो पिंजऱ्यावर वाकला, लुगड्याला तोंड लावलं आणि आतल्या चेकरच्या दिशेनं केविलवाणा चेहरा केला. एक दे रे बाबा. एकच दे. शब्द तर काढायचा नव्हता, म्हणून त्यानं नाकातून एकदाच हुंकार दिला. चेकरला ते फार आवडलं.

टिण टिण! टिण टिण!

गुलाबसिंगनं वेग वाढवला.

शेवटी रुपाबाई उठली. दुखरे गुडघे विसरून ती सीटवर चढली आणि साऱ्या वजनानिशी दोरीला लटकली. घंटी अशी वाजली जशी आगच लागली. गाडी थांबली. आतून चेकरनं टिण टिण दिलं, गाडी निघाली. रुपाबाई पुन्हा लटकली, गाडी थांबली. चेकर कशाला हार जातो? थांब, निघ, थांब, निघ, असं करत गाडीनं तुरीच्या एका अख्ख्या वावराची सोबत केली. मग गुलाबसिंग इंजिन बंद करून, शिव्या गिळत, मागच्या दारानं वर आला. "दादा, कोन्ता खेळ लावला तुमी? तुमचा हात मी ओळखत नाई का?"

तेवढ्यात फुलसिंगची मोटारसायकल फटफटत आली. मागे मंजुषा, मांडीवर सीताफळं. ती चढली, पाटी रुपाबाईच्या स्वाधीन केली आणि कमरेवर हात ठेवून बापापुढे उभी राहिली.

"कोनं वाजवली?"

साऱ्या गाडीनं देवमनकडे बोट केलं. देवमननं मान हलवली. डोळ्यांत पाणी, ओठ बंद.

"तोंड उघडा, बाबा. मी सांगून राह्यली, उघडा."

"म्या नाई वाजवली," देवमन म्हणाला. सकाळपासून दाबलेला आवाज चिरकला. "पाह्य, हात अजून मांडीखालीच हाय. यानं वाजवली. बोलला बी हाच. कोनी पाह्यत असलं का बोलत नाई, लुगडं टाकलं का सुरू होते. आईले इचार."

मंजुषानं लुगडं उचललं. चेकर साधूसारखा बसलेला. तिनं लुगडं टाकलं आणि वाट पाहिली.

"ओ बुढे," लुगड्याआडून देवमनचा आवाज आला. देवमनचं तोंड मात्र उघडं नव्हतं. "पिशवी मांडीवर घे!" आणि वरून टिण टिण.

मग गाडी जी हसली! गुलाबसिंग दांडी धरून खाली बसला. ती म्हातारीसुद्धा पदर तोंडात घालून हसली. एकटी मंजुषा हसली नाही.

"अन तुमी काय करत होते?" तिनं बापाला विचारलं.

"मी? बसलो होतो."

"गाडी चालली, मी रस्त्यावर, अन तुमी बसून? एक टोला देता नाई आला?"

"तूच म्हटलं ना, दोरीले हात लावाचा नाई. काई बी झालं तरी."

"अवो बाबा!" मंजुषाचा आवाज एकदम फुटला. "फुलसिंगदादा म्हने, पय पोरी, गाडी चालली. म्या म्हटलं, कायले पयू? गाडीत माहे बाबा हाय. ते थांबवतीनच. तशीच उभी राह्यली म्या पाटी घेऊन. गाडी पार मोडावरून वळून गेली तरी उभीच होती!"

आयुष्यात देवमनला साहेबांनी झापलं होतं, पॅसिंजरांनी झापलं होतं, अंजना तर रोजच झापायची. पण असं झापणं त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्यानं हात मांडीखालून काढले आणि डोळे पुसले. हात सुन्न पडले होते, त्यामुळे ते नीट पुसले गेले नाहीत.

कारंज्यात डॉक्टरीणबाईंनी चेकरला उलटासुलटा करून तपासलं. चोच पाहिली, कातडी पाहिली, किडा नाही, रोग नाही. "एकटा पडतो का हा?" त्यांनी विचारलं. देवमन म्हणाला, सकाळी मी स्टॉपवर जातो तेवढा वेळ एकटाच असतो. "हुशार पक्षी आहे, रिकामा बसला की स्वतःलाच छळतो," त्या म्हणाल्या. "याला माणसांत न्या. काहीतरी चाळा द्या. आणि पुढच्या बुधवारी परत दाखवा." देवमननं विचारलं, गाडीतून आणला तर चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल की, आज गाडीत पिसं उपटली का? तेव्हा देवमनला आठवलं, की आज साऱ्या रस्त्यानं चेकरनं एकही पीस उपटलं नव्हतं. त्याला वेळच कुठं मिळाला होता?

परतीच्या गाडीलाही मंजुषाच होती. स्टँडवर ती दारात उभी राहून पॅसिंजर चढवत होती. देवमन पिंजरा घेऊन खाली घुटमळला. अटी तिन्ही पाळल्या होत्या, तरी पाय उचलेना. शेवटी तीच म्हणाली, "या ना. का हात धरून चढवू?"

तो चढला आणि आपणहून मागच्या शिटाकडे निघाला. मंजुषानं त्याच्या हातातला पिंजरा काढून घेतला, लुगडं ओढून काखेत मारलं आणि उघडा पिंजरा मागच्या शिटावर ठेवला. तिथं कॉलेजच्या पोरी बसल्या होत्या. "याच्याइकडे पाह्यत राहा व," तिनं त्यांना सांगितलं. "नजर काढू नका." मग तिनं दाराजवळच्या, दोरीखालच्या शिटावर हात आपटला. "तुमी इथं बसा."

देवमन बसला. मग त्यानं हळूच विचारलं, "पुढच्या बुधवारी?"

"या."

"अन बोलाचं?"

मंजुषानं मशीन गळ्यात सारखं केलं. "तोंड बंदच," ती म्हणाली. "हात मोकये ठेवा."